सावली रेघेवर येईपर्यंत

गाडी लेक चालवत होती आणि ब्रेक मामा दाबत होते.

म्हणजे खरा ब्रेक लेकीच्याच पायाखाली होता. पण शेजारच्या सीटवर बसलेल्या मामांचा उजवा पाय प्रत्येक वळणाला असा काही रुतायचा, की गाडीचा पत्रा फाटून रस्त्याला टेकतो की काय असं वाटावं. मागच्या सीटवरून मामी म्हणाल्या, "अहो, तो पाय जरा जवळ घ्या. गाडी तिची आहे, लायसन तिचं आहे. आणि तुम्हाला रिटायर होऊन दोन वर्षं झाली."

"मी कुठे काय म्हटलं?" मामा म्हणाले.

"तोंडानं नाही म्हटलंत. पायानं म्हणताय."

मामांची नऊ वर्षांची नात खिदळली. लेकही हसली. मामा हसले नाहीत. त्यांना सकाळपासून एकच धास्ती होती, आणि ती लेकीच्या ड्रायव्हिंगची नव्हती. ते पोरीचं ड्रायव्हिंग म्हणजे मामांचीच शिकवणी, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

आता मामा म्हणजे कुणाचे मामा, असं विचाराल तर कुणाचेच नाहीत. एकतीस वर्षं ते सहलीच्या बसवर ड्रायव्हर होते. बसमध्ये चढणारा माणूस ऐंशीचा असो की आठचा, "मामा, खिडकी उघडत नाही," "मामा, जरा थांबवता का," असंच म्हणायचा. त्यामुळे ते जगाचे मामा झाले आणि घरात बायको आपोआप मामी झाली. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही, एक उशीर नाही. आणि एक थाप. एकच, पण एकतीस वर्षं पुरलेली.

त्या थापेचीच वही आज नातीच्या मांडीवर होती.

झालं होतं असं. लेक सहा वर्षांची असताना एका रविवारी तिच्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं आणि मामांना नेमकी गुहांची ट्रिप लागली. संध्याकाळी घरी आले तर पोरगी फुगून बसलेली. बोलेना, जेवेना. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "तिथे गुहेत काय पाहिलंत?" आता खरं सांगायचं तर मामांनी पाहिलं होतं बसचं चाक, एक भिंत आणि एक झाड. कंपनीचा नियमच होता, शेवटचा प्रवासी परत येईपर्यंत ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही. पण जिच्या प्रदर्शनाला आपण गेलो नाही, त्या पोरीला चाक आणि भिंत काय सांगायची? मामांना परतताना बसमधला एक पोरगा कुणाला तरी सांगत होता ते आठवलं. ते म्हणाले, "घोड्याचं डोकं पाहिलं. दगडाचं. नाकातून पाणी ठिबकत होतं."

पोरगी जेवली.

पुढच्या ट्रिपला तिनं विचारलं, "घोड्याचं पुढे काय झालं?" झाली की पंचाईत! मग मामांनी खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायला सुरुवात केली. गुहेतून परतणाऱ्या पोरांपैकी जे सगळ्यात शेवटी बसमध्ये चढेल त्याच्या हातावर गोळी ठेवायची आणि विचारायचं, "काय काय पाहिलंस, सांग बघू." पोरं काय, काहीही सांगतात. कुणाला आत झोपलेला म्हातारा दिसायचा, कुणाला कान लावला की घोरणारा दगड, कुणाला इवल्या पायांसाठी केलेल्या पायऱ्या. मामा ते सगळं जपून घरी न्यायचे, वर आपली थोडी फोडणी घालायचे. लेक ऐकायची आणि चित्रं काढायची. वही भरली. घोडा पाणी प्यायला गुहेत उतरला आणि दगड झाला, तो अजून वाट बघतोय, असं त्या वहीत सोळा पानं होतं. ती पोरगी पुढे शाळेत चित्रकलेची बाई झाली, आणि दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या दिवशी सांगायची, "माझ्या वडिलांनी हा घोडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय."

आणि आज बाईसाहेब सुट्टी काढून आई, वडील, मुलगी यांना गाडीत घालून तो घोडा बघायला निघाल्या होत्या. जावयांना सुट्टी मिळाली नाही, एवढंच मामांचं नशीब. पितळ उघडं पडायचंच असेल तर निदान जावयासमोर नको.

"बाबांनी सांगितलेल्या सगळ्या ठिकाणी थांबायचं," लेकीनं निघतानाच जाहीर केलं होतं. "जिथे म्हणाले तिथे जेवायचं, जे म्हणाले ते बघायचं. यादी केली आहे मी."

यादीत पहिली होती पुलाजवळची खानावळ. मासळीच्या रश्शाला तोड नाही, असं मामा सांगत आले होते, आणि ते शंभर टक्के खरं होतं. सगळे हात धुऊन पुढच्या हॉलमध्ये टेबलापाशी बसले. पाणी आलं, ताटं आली, आणि पाहतात तर मामा गायब. संडासात नाहीत, गाडीपाशी नाहीत. शेवटी नातीनं शोधून काढलं. मागच्या दारानं, भांडी घासायच्या मोरीवरून उडी मारून, स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या टेबलाशी मामा बसले होते. समोर खानावळीचा जुना आचारी, आणि पुढ्यात पातेल्याच्या तळाला लागलेला खरपूस भात, वर रस्सा.

"बाबा, इथे काय करताय?" लेक दारात कमरेवर हात ठेवून उभी.

मामांचा घास हातातच राहिला. खरं तर त्यांना कळलंच नव्हतं. पाय सवयीनं इकडे वळले होते. "अगं, ड्रायव्हर लोक इथेच जेवतात," ते म्हणाले.

"तुम्ही आज ड्रायव्हर आहात का?" असं म्हणून ती हसली, आणि पुढची ताटं उचलून सगळी वरात मागे घेऊन आली. आचाऱ्याची तारांबळ उडाली. पण तळाचा खरपूस भात मामींना असा आवडला, की त्यांनी पातेलं वाकडं करून आचाऱ्याला म्हटलं, "एवढा चांगला भाग तुम्ही गिऱ्हाइकापासून लपवून ठेवता होय?"

तेवढ्यात नातीनं वही उघडली. "आजोबा, पुढच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठ्ठा निळा मासा काढलाय असं इथे आहे. मला दिसला नाही."

मामांना ठसका लागला. हॉल त्यांनी आज पहिल्यांदा दारातून पाहिला होता. आचाऱ्यानं एकदा मामांकडे पाहिलं, एकदा वहीकडे, आणि शांतपणे म्हणाला, "होता. मागच्या साली रंग दिला." भला माणूस! मामांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं त्यांना आणखी एक पळी रस्सा वाढला.

पुढचा मुक्काम विणकरांच्या वस्तीत. तिथल्या एका घरात जुने माग मांडून ठेवले होते आणि एक म्हातारी बाई येणाऱ्याला माग चालवून दाखवायची. मामा म्हणाले, "मी गाडीजवळ थांबतो." लेकीनं त्यांचा दंड धरून आत नेलं. म्हातारीनं पाय दाबला आणि माग बोलायला लागला, दोनदा जड, एकदा हलका. मामांनी डोळे मिटून मान डोलावली. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. या घराच्या खिडकीखाली बस लावून त्यांनी तो किती वेळा ऐकला होता, फक्त आवाज कशातून येतो ते पाहिलं नव्हतं. नातीनं वहीतल्या मागाच्या चित्रावर खूण केली. "हे बरोबर आहे!" मामांना जरा धीर आला. वाटलं, निभावेल बहुतेक.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. गुहांच्या पायथ्याशी गाडी थांबली आणि मामांनी पहिलं काय पाहिलं, तर चहाची टपरी. टपरीवरची चहावाली मामांना पंचवीस वर्षं ओळखत होती. तिनं लांबूनच हात उंचावला. "मामा! आज गाडी सोडून कुठे—"

मामांनी लेकीच्या पाठीमागून ओठांवर बोट ठेवलं. चहावालीनं लेकीकडे पाहिलं, नातीच्या हातातल्या वहीकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य चहाच्या गाळणीत गाळून टाकलं. "—येताना चहा घेऊन जा," ती म्हणाली. झाकली मूठ झाकलेलीच राहिली. मामींनी मात्र नवऱ्याचं बोट पाहिलं होतं.

तिकिटाच्या खिडकीपाशी त्यांना एक वाटाड्या मिळाला. जाडजूड, हातात मोठी बॅटरी, आणि बोलायला फार हौशी. गुहेच्या तोंडाशी येताच आतला गारवा मामांच्या तोंडावर आला आणि त्यांचे पाय क्षणभर अडखळले. तसं पाहिलं तर रिटायर झाल्यावर दोन वर्षांत ते कधीही येऊ शकले असते. नियम नव्हता, बस नव्हती. तरी आले नाहीत. त्यांच्या डोक्यात एक गुहा होती, नीट लावलेली, घोड्यासकट. खरी पाहिली असती तर ती गेली असती, आणि तिच्याबरोबर दर ट्रिपनंतरचं लेकीचं ते जेवतानाचं तोंडही गेलं असतं. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"आजोबा, तुम्ही पुढे व्हा," नात म्हणाली. "तुम्हाला रस्ता माहीत आहे."

मामा पुढे झाले आणि दहा पावलांवर चुकीच्या बाजूला वळले. "तिकडे बंद आहे हो," वाटाड्या ओरडला. मामा म्हणाले, "हो हो, पूर्वी चालू होतं." वाटाड्यानं भुवया उंचावल्या.

पुढे एक पांढरा दगडी पडदा लागला, वरपासून खालपर्यंत चुण्या पडलेला, ओला. तो वहीत होता! नातीनं आनंदानं खूण केली. लेकीनं वडिलांचा हात दाबला. तिचा हात गार होता आणि तिचे डोळे भरले होते. "तीस वर्षं वाट बघितली बाबा मी," ती हळू आवाजात म्हणाली. मामांना तिथल्या तिथे धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

"आता घोडा," नात म्हणाली. "पडद्याच्या डाव्या हाताला."

वाटाड्यानं डाव्या हाताला बॅटरी मारली. दगड. साधा, फुगीर, ओला दगड.

"घोडा कुठला?" वाटाड्या म्हणाला. "मी बावीस वर्षं आहे इथे. घोडा नाही."

"आहे," लेक म्हणाली. "नाकातून पाणी ठिबकतं."

"पाणी सगळीकडेच ठिबकतं बाई. घोडा नाही." मग त्याला बहुधा पोरीच्या तोंडाकडे बघून दया आली. "आता असं आहे, पूर्वी एखादा सुळका असेल, तुटून पडला असेल. दगडच तो. होतं असं."

झालं! आयती वाट समोर आली होती. निळ्या माशाला रंग दिला, घोडा तुटून पडला. मामांनी फक्त मान हलवायची होती. त्यांनी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात लेक वाटाड्याकडे वळून ठणकावून म्हणाली, "तुम्हीच नीट पाहिलं नसेल. माझे बाबा आयुष्यात कधी खोटं बोललेले नाहीत."

त्या वाक्यानं मामांची मान जागच्या जागी थांबली.

"माऊ," ते म्हणाले. लेकीला ते लहानपणापासून याच नावानं हाक मारत. "घोडा तुटला नाही. घोडा नव्हताच. मी या गुहेत आज पहिल्यांदा आलोय."

वाटाड्यानं बॅटरी खाली वळवली.

"पहिल्यांदा म्हणजे?"

"म्हणजे कधीच नाही आलो. गाडीपाशी थांबायचो. पोरांना विचारून तुला सांगायचो."

लेकीनं नातीच्या हातातून वही घेतली, मिटली आणि पिशवीत टाकली. "चला पुढे," ती वाटाड्याला म्हणाली. नंतरचा पाऊण तास तिनं वडिलांकडे पाहिलं नाही. वाटाड्या खाली तळं दाखवत होता, वर दगडी झुंबरं दाखवत होता. मामा एवढ्या वर्षांनी आत आले होते, आणि त्यांना त्यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. समोर फक्त लेकीची पाठ होती.

मामी त्यांच्या शेजारून चालत होत्या. "मला माहीत होतं," त्या पुटपुटल्या.

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून. गुहेत पाणी गळतं म्हणायचात, आणि शर्टावर डाग नाही, बुटाला चिखल नाही. कपडे कोण धूत होतं घरी?"

"मग बोलली का नाहीस?"

"ती जेवायची ना," मामी म्हणाल्या.

बाहेर आले तेव्हा दुपार कलली होती. लेक ताडताड चालत थेट बस उभ्या करायच्या जागेवर गेली. तिथे सहलीची एक बस होती आणि चाकाला टेकून एक ड्रायव्हर बसला होता, मांडीवर वर्तमानपत्र पसरून. लेक थांबली. मामा मागून, दहा हात अंतर ठेवून आले.

"कुठे थांबायचात?" तिनं न वळताच विचारलं.

मामांनी भिंत दाखवली. दगडी, कमरेएवढी, वर झाडाची फांदी आलेली. भिंतीवर टोकदार दगडानं कोरलेल्या रेघा होत्या, आठ-दहा, काही पुसट, काही ठळक.

"हे काय?"

"सावलीच्या खुणा आहेत. झाडाची सावली या रेघेवर आली की लोक परत यायला लागायचे. ही उन्हाळ्यातली, ही थंडीतली. घड्याळापेक्षा बरी."

"आणि तोपर्यंत काय करायचात? तीन-तीन तास?"

"काच पुसायचो. चाकं बघायचो." मामांनी खाली पाहिलं. "आणि तुला काय सांगायचं ते ठरवायचो."

लेक वळली. तिचं तोंड लाल झालं होतं. "मला सरळ सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"काय सांगायचं होतं गं? बाप दिवसभर चाकापाशी बसला होता, हे?"

"हो! हेच!" ती जवळजवळ ओरडली. चहावालीची किटली हातातच राहिली. "मला गुहा नको होती बाबा. तुम्ही दिवसभर कुठे असता, तेवढंच मला हवं होतं. मी रोज डोळे मिटून तुम्हाला त्या घोड्यापाशी उभं करायची. आणि तुम्ही इथे होतात. मी तुम्हाला तीस वर्षं चुकीच्या ठिकाणी बघत होते."

एवढ्या थापा सुचलेल्या मामांनी आता नुसता रुमाल काढला, आधी तिच्यापुढे केला, तिनं घेतला नाही, मग स्वतःच डोळे पुसले.

लेकीनं वाकून सगळ्यात खालच्या, सगळ्यात पुसट रेघेवर बोट ठेवलं. "ही कधीची?"

"पहिल्या वर्षाची. तुझ्या प्रदर्शनाच्या दिवशीची."

ती त्या रेघेपाशी खाली बसली, भिंतीला पाठ टेकून. मामा उभेच. मग ती जरा सरकली, जागा केली, आणि मामा गुडघे धरत तिच्या शेजारी बसले. नातीनं चहावालीकडून चहा आणला. चहा सगळ्यांनी घेतला.

समोरचा ड्रायव्हर हे सगळं वर्तमानपत्राच्या वरून बघत होता. मामांनी त्याला विचारलं, "आत गेलास कधी?"

"गाडी कोण बघणार?"

मामा उठले. "जा. मी बसतो. एकतीस वर्षं या जागेवर ड्रायव्हर होतो. विचार तिला."

चहावाली तिथूनच म्हणाली, "जा रे, जा. हा माणूस गाडी सोडून लघवीलासुद्धा पळत जायचा आणि पळत यायचा."

ड्रायव्हर चप्पल सावरत पळाला. मामा त्याच्या चाकाला टेकून बसले, आणि काय नवल, लेकही उठून त्यांच्या बाजूला येऊन बसली. अर्ध्या तासानं सावली रेघेच्या जवळ आली तसा तो धापा टाकत परतला. सवयीचा गुलाम माणूस, मामांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. "काय काय पाहिलंस, सांग बघू."

ड्रायव्हरनं गोळी तोंडात टाकली आणि प्रामाणिकपणे विचार केला. "दगड आहेत," तो म्हणाला. "गार आहे आत."

"आणि?"

"आणि काय? ओलं आहे. पाय घसरतो."

लेकीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडातून, मग ती चाकाला धरून हसायला लागली, आणि मध्येच तिला रडू आलं तेही तिनं पुसलं नाही. ड्रायव्हर बावरला. "काही चुकलं का माझं?" तो मामींना विचारू लागला. मामी म्हणाल्या, "नाही हो. तुमचं बरोबरच आहे."

परतीच्या वाटेवर लेक गाडी चालवत होती. मामांचा पाय आता वळणावळणाला रुतत नव्हता, गुमान बसला होता. पूल आला, गेला. खानावळीच्या मागच्या दारातून धूर येत होता.

"बाबा," लेक रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "आता रोज फोनवर मी विचारीन, आज दिवसभर कुठे होतात. खरं सांगायचं. बाजारात असाल तर बाजारात, खुर्चीत असाल तर खुर्चीत."

"सांगीन," मामा म्हणाले.

"आणि दुसरं." ती जरा थांबली. वळण आलं, तिनं गिअर बदलला, अगदी मामांनी शिकवला होता तसा. "त्या घोड्याचं पुढे काय झालं?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती, पण तिच्या गालाची कड हलत होती. मामांनी खिशात हात घातला. एकच गोळी उरली होती. ते सीटवर मागे वळले आणि ती नातीच्या तळहातावर ठेवली.

"तू शेवटी चढलीस ना गाडीत?" ते म्हणाले. "मग काय काय पाहिलंस, सांग बघू."